संकल्पाखालची नागमोडी रेघ

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही काढतो. वर 'श्री' लिहितो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. आता हिशेबाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि पुष्कळ दुकानांतला जमाखर्च संगणकात गेला आहे. तरीही पूजेपुरती का होईना, एक लाल कापडी बांधणीची वही पाटावर मांडली जातेच. या वहीची एक गंमत आहे. ती नवी असते, कोरी असते. पण तिच्या पहिल्या पानावर जी पहिली रक्कम चढते, ती जुन्या वहीतून आलेली असते. मागची शिल्लक पुढे ओढल्याशिवाय पुढचा हिशेब सुरूच होत नाही.

आपण संसारी माणसेही अशाच मुहूर्तावर नव्या वह्या काढतो आणि त्यांत संकल्प लिहितो. रोज पहाटे पाचला उठावयाचे. वर्षाकाठी पन्नास पुस्तके वाचून संपवावयाची. पेटी पुन्हा शिकावयाची. दहा किलो वजन उतरवावयाचे. आपल्या वहीत मात्र मागील बाकी कुठे दिसत नाही. गेल्या वर्षी आपण किती वाजता उठत होतो, किती पुस्तके प्रत्यक्ष वाचून झाली, पेटीवरची धूळ शेवटची कधी झटकली, याची नोंद करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मग व्हायचे तेच होते. मार्गशीर्ष उजाडण्यापूर्वीच ती वही दुधाच्या हिशेबाला लागते!

या बाबतीत प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' म्हणणाऱ्यांचा. यात बहुधा वडील, थोरले काका आणि नोकरीत मुरलेली माणसे असतात. दुसरा पक्ष 'प्रयत्नांती परमेश्वर' म्हणणाऱ्यांचा. त्यात मुले असतात, आणि पुष्कळदा आईही गुपचूप त्यांच्याकडून असते. दोन्ही पक्ष एकमेकांना म्हणी ऐकवतात आणि जेवणाची पाने वाढली की वाद तेवढ्यापुरता थांबतो.

भाषेचा शिक्षक म्हणून मला त्या पहिल्या म्हणीकडे जरा निरखून पाहावेसे वाटते. तिच्यात पाय आखडून घ्या असे म्हटले आहे. पण अंथरूण आहे तेवढेच राहिले पाहिजे असे कोठे म्हटले आहे? ज्या घरांत ही म्हण रुजली त्याच घरांतल्या आज्या दुपारच्या वेळी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवत असत, आणि नातू उंच झाला की तिला एक पट्टी आणखी जोडत असत. अंथरूण वाढवता येते, पण ते एका रात्रीत वाढत नाही. आणि पट्टी जोडावयाची तर आधी गोधडी किती लांबीची आहे हे हाताने मोजावे लागते.

हे सगळे तत्त्वज्ञान म्हणून सोपे आहे. पण एखाद्या घराची सात-आठ वर्षांची पुंजी आणि एका तरुण मुलीचे ऐन उमेदीचे दिवस पणाला लागलेले असतात तेव्हा ते तितकेसे सोपे राहत नाही.

मागे एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या प्राध्यापक-कक्षात एक गृहस्थ मला भेटावयास आले. सोबत त्यांची मुलगी होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मराठी घेऊन एम. ए. झालेली, वाचनाची आवड असलेली, हस्ताक्षर मोत्यासारखे. वडील एका सरकारी कचेरीत लेखनिक, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मुलीने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा ध्यास घेतला होता. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसून तिने तीन वेळा ती परीक्षा दिली होती. वय सत्तावीस. धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला.

"सर, तुमचे ती ऐकते," वडील म्हणाले. "तिला सांगा, आता बँकेची परीक्षा दे. स्वप्न पाहू नये असे मी म्हणत नाही, पण आपली ऐपत पाहून पाहावे."

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिने वर पाहिले आणि अगदी शांतपणे म्हटले, "सर, स्वप्न लहान कर, एवढेच सांगणार असाल तर ते मी तीन वर्षे ऐकते आहे."

दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि पंचाईत हीच होती. आकडे वडिलांच्या बाजूचे होते. २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाख सोळा हजारांवर अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीला बोलावले २,८५५, आणि शेवटी निवडीची शिफारस झाली ती १,०१६ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५८० जणांमागे एक. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात. पण ५८० मागे एक हा आकडा त्या मुलीविषयी काहीच सांगत नव्हता. ते ५८० जण सारखे नसतात. कोणी नुसता अर्ज भरून हौस म्हणून बसतो, कोणी चार वर्षे झिजलेला असतो. सरासरीवरून कोणाची कुंडली मांडता येत नाही.

मी त्या दोघांना आमच्या क्षेत्रातली एक हकिकत सांगितली. ती वाचकांनाही सांगतो, कारण ध्येय ठरवावे कसे याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे काम हाती घेतले. संकल्प किती मोठा होता पाहा! काश्मीरपासून केरळपर्यंत शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांत पसरलेल्या पोथ्या. प्रत्येक पोथीत कमी-जास्त श्लोक, वेगळे पाठ, मागून घुसवलेली आख्याने. त्या सगळ्या ताडून एक विश्वसनीय संहिता सिद्ध करावयाची. १९२३ साली विराटपर्वाचा एक कच्चा नमुना छापून तो विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आला. १९२५ साली या कामाची सूत्रे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या हाती आली. हा मनुष्य केंब्रिजला गणित शिकलेला आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृत विद्येत पारंगत झालेला.

लोकांची अपेक्षा काय असणार? व्यासांनी लिहिलेले अस्सल महाभारत आता हाती येणार! सुकथनकरांनी ही अपेक्षा पहिल्याच झटक्यात बाजूला सारली. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपले उद्दिष्ट स्वच्छ मांडले. व्यासांचे मूळ काव्य शोधून देण्याचा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधाराने मागे जाता जाता ज्या सर्वांत जुन्या रूपापर्यंत पोहोचता येईल, तेवढे रूप सिद्ध करावयाचे, हे त्यांचे काम होते. पोथ्या जेथे थांबतील तेथे संपादकही थांबणार.

वरवर पाहता हे माघार घेतल्यासारखे वाटते. पण या एका निश्चयाने अशक्य काम शक्य कोटीत आले. 'व्यासांचे मूळ काव्य' हे ध्येय ठेवले असते तर ते कधी गाठले हे कोणालाच कळले नसते, कारण ते तपासावयाचे कशावर? 'पोथ्यांच्या आधाराने मिळणारे सर्वांत जुने रूप' हे मात्र ओळीओळीने तपासता येत होते. भारावणारे पण मोजता न येणारे ध्येय त्यांनी सोडले आणि तितकेच अवघड, पण मोजता येणारे ध्येय धरले. कष्टांत काडीची काटकसर झाली नाही. एकंदर १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. अठरा पर्वांचे १९ खंड झाले. श्लोक भरले ८९ हजारांवर.

याहून मला मोलाची वाटते ती एक बारीकशी खूण. जेथे पोथ्यांचा आधार पुरेसा भक्कम नव्हता, पण कोणता तरी एक पाठ निवडणे भाग होते, तेथे संपादकांनी तो पाठ छापला आणि त्याच्याखाली एक नागमोडी रेघ ओढली. वाचकाने समजावे, की हा शब्द आम्ही घेतला आहे, परंतु याची पक्की हमी देता येत नाही. संशय आला म्हणून काम थांबवले नाही, आणि काम पुढे न्यावयाचे म्हणून संशय लपवलाही नाही. हट्ट आणि प्रामाणिकपणा यांची अशी सोयरीक फार क्वचित जुळते.

हकिकत ऐकून मुलगी म्हणाली, "सर, माझ्या वहीत ही रेघ कुठे ओढायची?"

तो प्रश्न तिने विचारला तेव्हा अर्धे काम झाले होते. आम्ही तिघे एका कागदावर वाकून बसलो. आधी मागील बाकी लिहिली. तीन प्रयत्नांपैकी एकदा ती मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचली होती. दोनदा पूर्वपरीक्षेतच अडली. कोठे अडली? पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर अंकगणित, तर्क आणि उताऱ्याचे आकलन यांचा असतो. त्यात नुसते ३३ टक्के मिळाले की पुरते. ते गुण पुढे धरलेही जात नाहीत. दोन्ही खेपांना त्या ३३ टक्क्यांना ती थोडक्यात मुकली होती. आणि तिचा दिवस कसा जात होता? इतिहास चार तास, राज्यघटना दोन तास, ऐच्छिक विषय मराठी साहित्य तीन तास. अंकगणित 'वेळ उरला तर'. वेळ काही उरत नसे! वडिलांना वाटत होते, मुलीचे स्वप्न फार मोठे आहे. मुलीला वाटत होते, आपले कष्ट कमी पडतात. कागद मात्र तिसरेच सांगत होता. गोधडी एका कोपऱ्यात आखूड होती आणि पट्ट्या दुसऱ्याच बाजूला जोडल्या जात होत्या.

मग दोन रकाने केले. एका बाजूला तिच्या हातातल्या गोष्टी: सकाळचा पहिला तास गणिताचा, कंटाळा येवो वा न येवो, आठवड्याला एक सराव-परीक्षा घड्याळ लावून, रोज दोन उत्तरे लिहून काढणे. दुसऱ्या बाजूला तिच्या हाताबाहेरच्या गोष्टी: यंदा जागा किती निघतील, गुणांची सीमा कोठे थांबेल, परीक्षकाला काय भावेल. 'निवड' हा शब्द तिने दुसऱ्या रकान्यात लिहिला आणि आपण होऊन त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. शब्द तिने खोडला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. वडिलांची इच्छा तो खोडला जावा अशी होती. पण महाभारताचे संपादकही संशयित पाठ गाळून मोकळे झाले नव्हते.

वडिलांनी आपलाही रकाना भरला. भविष्यनिर्वाह निधीला हात लावावयाचा नाही. महिन्याला अमुक एवढी रक्कम, त्याहून जास्त नाही. पुण्याची खोली सोडून मुलीने घरी राहून अभ्यास करावा. एकंदर आणखी दोन प्रयत्न. त्यानंतर घरात पुन्हा या विषयावर अश्रू नकोत आणि टोमणेही नकोत. माझ्या मते हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आकांक्षा एकाची असते, पण तिची किंमत सगळे घर देते. ती किंमत आधी उघडपणे लिहिली म्हणजे मागाहून ती एकमेकांच्या तोंडावर फेकावी लागत नाही.

राहिला एक प्रश्न, जो वडिलांनी विचारला: "आणि दोन्ही प्रयत्न फुकट गेले तर?"

याचे उत्तरही मला पुण्यातच सापडते. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत-इंग्रजी महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून सुमारे पंधराशे ग्रंथ चाळून शब्दांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. त्यांची संख्या कोटीच्या घरात आहे. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर किती तरी भाग निघाले, पण कोश अजून 'अ' अक्षरातच आहे! एखादा व्यवहारी मनुष्य हे ऐकून कपाळाला हात लावील. परंतु जो भाग छापून निघाला तो जगभरचे अभ्यासक आजच वापरू शकतात. त्यासाठी 'ह'ची वाट पाहावी लागत नाही. काही कामे पुलासारखी असतात. एक कमान उरली तरी सगळा पूल निरुपयोगी. काही कामे विहिरीच्या पायऱ्यांसारखी असतात. जेवढ्या बांधल्या तेवढ्यांचा उपयोग. मोठे ध्येय धरताना त्यात पुलाचा अंश किती आणि पायऱ्यांचा किती, हे पाहून ठेवावे आणि जमेल तेवढा पायऱ्यांचा अंश वाढवावा.

तिच्या बाबतीत ही पायरी समोरच होती. ऐच्छिक मराठीचा तिचा अभ्यास आणि प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेचा अभ्यास यांत पुष्कळच सारखेपणा आहे. तिने तीही परीक्षा देण्याचे ठरवले.

पुढे काय झाले हे वाचक विचारतील. चौथ्या खेपेस पूर्वपरीक्षेचा तो दुसरा पेपर सुटला. मुख्य परीक्षेच्या पुढे मात्र जाता आले नाही. नेट ती उत्तीर्ण झाली. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. त्यात मिळणारा पैसा तुटपुंजा असतो, हे या व्यवसायातला मनुष्य म्हणून मी झाकून ठेवणार नाही. पाचवा प्रयत्न व्हावयाचा आहे. ती कलेक्टर झाली असे सांगून मला या लेखाचा शेवट गोड करता येत नाही. पण परवा तिचे वडील रस्त्यात भेटले तेव्हा अभ्यासाबद्दल आपण होऊन आणि अभिमानाने बोलत होते. घरातले दोन पक्ष एका कागदावर आले, हेही लहानसहान यश नव्हे.

कोणी म्हणेल, असे हिशेब मांडून का कोठे मोठी कामे होतात? मोठी माणसे तर वेडी असतात! महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चरित्र पाहावे. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला आणि पुनर्विवाहाच्या प्रसाराला वाहून घेतले. लवकरच त्यांच्या ध्यानात आले, की समाजाची तयारी फार थोडी आहे आणि त्या बायकांना आधी हवे आहे ते शिक्षण आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली हिंगण्याला एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हे गृहस्थ तिकडे पायी जात. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी त्यानंतर, १९२० साली आली. १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची घोषणा केली असती तर लोक हसले असते. आणि १९१६ मध्ये ते आश्रमावरच समाधान मानून बसले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. प्रत्येक खेपेस मागील शिल्लक पाहून त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, आणि ते पाऊल आदल्या पावलाहून थोडे लांब होते. वेड म्हणावयाचे तर हे खरे वेड. पण ते हिशेबाशी भांडणारे नव्हते.

मग आपण घरोघर काय करावे? फराळाची ताटे फिरत असताना घरातले एखादे मूल, किंवा पन्नाशीची एखादी मावशी, आपला मोठा बेत बोलून दाखवील. मला गाणे शिकावयाचे आहे. मला डॉक्टर व्हावयाचे आहे. मला एकटीने नर्मदेची परिक्रमा करावयाची आहे. अशा वेळी आपल्या तोंडून सवयीने "जमणार आहे का तुला?" असे निघते. हा प्रश्न विचारणे सोडून द्यावे. त्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. विचारणाऱ्याला तर मुळीच नसते. तसेच "तू मनात आणलेस तर काहीही करशील!" असेही म्हणू नये, त्या कौतुकाच्या ओझ्याखाली पुष्कळ मुले दबलेली मी वर्गात पाहिली आहेत.

त्याऐवजी एवढेच विचारावे: "बरे, मग येत्या सोमवारी काय करणार?" या प्रश्नाला उत्तर असेल तर ते ध्येय कितीही मोठे असो, त्याला घरात जागा करून द्यावी. उत्तर नसेल तर हसू नये. जवळ बसून, एक कागद आणि पेन्सिल घेऊन, ते उत्तर दोघांनी मिळून शोधावे.

सुकथनकर १९४३ सालच्या जानेवारीत वारले. महाभारताचे काम पुरे झाले १९६६ साली, म्हणजे त्यांच्या मागे तेवीस वर्षांनी. बेलवलकर, वैद्य आणि इतर विद्वानांनी ते तडीस नेले. त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली नाही, कारण कोठवर जावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे पहिल्या खंडातच स्वच्छ लिहून ठेवलेले होते.